मेळघाटात तू पाणी प्यायलास

प्रिय गुलाब,

आज वर्ध्याला डेपोजवळच्या टपरीवर आपली सगळी रिटायर मंडळी जमली होती. पावसाळा सरत आलाय, तर एक गाडी करून चिखलदऱ्याला जाऊन येऊ, असं ठरत होतं. कोणीतरी माझंच नाव पहिलं घेतलं. "वसंता तं जाऊन आलेला हाय, त्याले रस्ता मालूम हाय." मी कप तसाच खाली ठेवला आणि उठलो. सिंदीची गाडी धरली, घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

काय सांगणार होतो त्यांना? त्या रस्त्यावर माझा मित्र गेला, असं? तू तर त्यानंतर कितीतरी महिने जिवंत होतास. पण माझ्यापुरता तू तिथेच गेलास, मेळघाटातल्या एका चहाच्या झोपडीसमोर. हे सांगितलं तर लोक म्हणतील, वसंताचं डोकं फिरलं. म्हणून तुलाच सांगतो. अर्धं तर तुला ठाऊकच आहे.

गुलाब, इतकी वर्षं आपण एका गाडीवर काढली. तू स्टेअरिंगवर, मी मागे तिकिटांची पेटी घेऊन. वर्धा ते आर्वी आणि आर्वी ते वर्धा. मधे तुझं आंजी लागायचं. फाट्यावर इंदू वहिनी डबा घेऊन उभी असायची आणि तू इंजिन चालू ठेवूनच खिडकीतून हात बाहेर काढायचास. नवरा-बायकोचं दिवसाचं बोलणं तेवढंच! मी घंटी मारली की तू निघालास.

एकदा खरांगण्याच्या पुढे झुडपातून मोर निघाला होता, आठवतं? पुरा पिसारा फुललेला. अख्खी गाडी डावीकडे झुकली. म्हातारेकोतारे उठून उभे राहिले. मी ओरडलो, "गुलाब, मोर पाह्य, मोर!" तू मान हलवली नाहीस. नंतर आर्वीला चहा पिताना म्हणालास, "माह्या मांगं पन्नास जीव बसले होते बे. मोर पाहू का त्यायले पाहू?"

तसाच होतास तू. तुझा मला राग यायचा आणि तुझ्या गाडीत मला झोपही लागायची, दोन्ही त्याच एका गोष्टीमुळे.

रिटायर झाल्यावर तुझे पाय सुजायला लागले. मग तोंड सुजलं. मग दवाखाना, मग दुसरा दवाखाना, किडन्या गेल्याचं कळलं, आणि शेवटी वर्ध्यातलं ते रक्त साफ करायचं मशीन. आठवड्यातून दोनदा प्रमोद तुला मोटरसायकलवर मागे बसवून आणायचा. पोरगा पुढे आणि तू मागे! तेच तुला सगळ्यात जास्त लागलं होतं, नाही का? सुया टोचायच्या तुला काही वाटायचं नाही. मशीनच्या सुयांसाठी डाव्या हातावर नस जोडून दिली होती, तिथं माझं बोट ठेवून तू म्हणायचास, "पाह्य, इंजन चालू हाय." आत काहीतरी गुणगुणत असायचं. मी हात चटकन काढून घ्यायचो. मला भीती वाटायची, गुलाब. तुला सांगितलं नाही कधी.

आणि तहान! ती तर मी रोज बघत होतो. दिवसाला एवढंसं पाणी, जास्त झालं की अंगातच साचायचं. वहिनीने एक छोटी बाटली ठरवून टाकली होती. ती संपली की संपली. उन्हाळ्यात तू ओल्या फडक्याने ओठ पुसत बसायचास. समोर कोणी गटागटा पाणी प्यायला लागलं की तू उठून आत जायचास.

अशातच एक दिवस तू म्हणालास, "वसंता, मले एकदा डोंगर दाखव ना गड्या."

"कोनता डोंगर?"

"मेळघाट. चिखलदरा. सारा जन्म गाडी चालवली, पन बाजूले काय हाय ते पाह्यलंच नाई. आता तू चालव. मी खिडकीत बसतो."

गाडी मला तूच शिकवली होतीस, आंजीच्या त्या मोकळ्या मैदानात. रिटायर झाल्यावर हौसेने एक जुनी पांढरी कार घेतली होती मी, आणि तू शेजारी बसून मला इतक्या शिव्या दिल्या होत्यास की गुरं राखणारे थांबून ऐकायचे. तो शिकवणारा आता म्हणत होता, तू चालव. मी कसा नाही म्हणणार?

वहिनी तयार नव्हती. एका मशीनच्या दुसऱ्या दिवशी निघायचं आणि पुढच्या मशीनच्या आत परतायचं, असा हिशोब मी तिला समजावला. तेव्हा कुठे ती हो म्हणाली. बिनमिठाच्या भाकरी बांधून दिल्या. आणि ती बाटली तुझ्या हातात दिली नाही, माझ्या हातात दिली. "भाऊजी, एवढंच पानी. ते मांगतीन, पन तुमी देजा नका."

"नाई देत, वहिनी," मी म्हणालो.

आर्वीवरून कौंडण्यपूरचा पूल ओलांडला, तिवसा, अमरावती, परतवाडा. तोवर तू मजेत होतास. बोलत होतास, रस्त्यातल्या प्रत्येक ट्रकवाल्याला नावं ठेवत होतास. "इंडिकेटर देत नाई साला!" मला वाटलं, आपण बरं केलं आलो ते. खरंच वाटलं तसं.

घाट लागला आणि तुझं तोंड बंद झालं.

काय तो डोंगर होता, गुलाब! सागाला पांढरे तुरे आलेले. दरडीवरून पाणी पाझरून रस्त्यावर येत होतं. वळणावळणाला एक एक दरी उघडत होती, खाली धुक्याचे पुंजके, आणि सगळं इतकं हिरवं की डोळ्याला सहन होईना. मी गाडी हळू केली की तू पाहशील. आणि तू? तू रस्ता बघत होतास! माझ्याहून जास्त लक्ष देऊन बघत होतास. उजवा पाय खाली पत्र्यावर दाबत होतास, जसं काही तिथं ब्रेक आहे.

"बाहेर पाह्य ना बे!" मी म्हणालो.

"तू पुढं पाह्य. वळन हाय."

"मले दिसून राह्यलं."

"हॉर्न वाजव. वाजव हॉर्न! वरून कोनी आलं तं?"

मी हसलो. तूही हसलास, पण पाय काही उचलला नाहीस. थोड्या वेळाने तुझं अंग थकलं आणि तू मान टाकून झोपलास. वनविभागाच्या नाक्यावर गाडीचा नंबर लिहून घेतला, तेव्हाही जागा झाला नाहीस. सेमाडोहच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला भेकर उभं होतं. अगदी जवळ! मी तुला उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. इतका गाढ झोपला होतास. म्हटलं, झोपू दे. चूक केली का रे?

पुढे एका ओढ्याजवळ ती चहाची झोपडी लागली. तू जागा झालास, म्हणालास, थांबव, पाय मोकळे करू. ओढा दगडांवरून धडधडत उतरत होता. सगळ्या रानात पाण्याचाच आवाज. वरून पाणी, खाली पाणी. मी चहा सांगितला. कोरकू बाई होती, लेकीशी आपल्या भाषेत काही बोलत चूल फुंकत होती. मी जरा झाडाआड जाऊन आलो, आणि परत येतो तर तू तिच्या माठाजवळ उभा! हातात पेला.

"गुलाब!"

तू पेला रिकामा केलास आणि पुन्हा पुढे केलास. त्या बाईने पुन्हा भरला. तिला काय माहीत? तहानलेल्या माणसाला पाणी देत होती ती. मी धावत येईपर्यंत तो पेलाही संपला. मी तुझं मनगट धरलं. तू असं पाहिलंस माझ्याकडे, की माझी पकड सुटली. आणि तू आणखी प्यायलास. घशातून आवाज येत होता. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं. बरं वाटत होतं तुला, किती बरं वाटत होतं! मी तुला कितीतरी महिन्यांत तसं पाहिलं नव्हतं.

मग तू ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसलास. मी शेजारी बसलो. मला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"काऊन केलं असं? वहिनीले काय सांगू मी?"

"काई सांगू नको." तू ओढ्याकडे बघत होतास. "वसंता, मी आता मशीनवर बसनार नाई."

"म्हन्जे?"

"म्हन्जे नाई बसनार. झालं. लय झालं. रोज पानी मोजाचं, मीठ मोजाचं, लघवी मोजाची. पोट्टं कामावर खाडा करून मले बाजारच्या पोत्यावानी आनते नेते. कायच्यासाठी? बरं होत असतो तं ठीक होतं. मी बरा होत नाई बे. मी नुसता टिकून राह्यलो."

मी म्हणालो, असं बोलू नकोस, लोक किती वर्षं काढतात मशीनवर. जे सगळे बोलतात तेच बोललो. तू ऐकून घेतलंस. मग शांतपणे तुझा बेत सांगितलास. तो बेत मला अजून शब्द न् शब्द पाठ आहे.

"तू घरी म्हन, आता गुलाबले दवाखान्यात मी नेत जातो. प्रमोदचा खाडा वाचते. माह्यी इंदू आनंदानं हो म्हनन. तू मले घ्याले येजो. अन् दवाखान्यात नाई न्याचं. सिंदीले तुह्या घरी न्याचं. ओसरीवर बसू. चहा पिऊ, पानी पिऊ. संध्याकाळी आंजीले सोडून देजो. दोन-तीन खेपा केल्या का होऊन जाईन सारं."

ओढा वाहत होता. त्या बाईने दोन कप आणून कठड्यावर ठेवले आणि गेली.

"हे मले काऊन सांगतं?" मी विचारलं.

"मंग कोनाले सांगू?" तू म्हणालास.

मी हो म्हटलं नाही, गुलाब. नाही पण म्हटलं नाही. तू माझ्या गप्प बसण्याला हो समजलास. चहा प्यालास, उठलास आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीपर्यंत आलास. किती हलका झाला होतास! आणि मी किती जड.

चिखलदऱ्याला पोचलो तर धुकं. पॉइंटवर जाऊन उभे राहिलो, समोर पांढरं कापड लावल्यासारखं. दरी नाही, डोंगर नाही, काही नाही. लोक कठड्याला धरून फोटो काढत होते, कशाचे ते त्यांनाच ठाऊक. आपण बराच वेळ वाट पाहिली. तू म्हणालास, "एवढ्या दूर हे पाहाले आलतो का?" आणि तुला हसू फुटलं. मलाही फुटलं. दोघं म्हातारे त्या धुक्यात खिदळत उभे. तेवढं एक हसू मी ठेवून घेतलंय. दुसरं काही हाती लागलं नाही त्या प्रवासातून.

लॉजवर मुक्काम केला. सकाळी उठलो तर तू पलंगावर बसूनच होतास. आडवं होता येत नव्हतं तुला. तोंड सुजलेलं, ओठ निळे आणि छातीत घुर्र घुर्र आवाज. प्यायलेलं पाणी छातीत चढलं होतं.

"चल," मी म्हणालो.

"सिंदीले," तू म्हणालास. एका श्वासात एकच शब्द येत होता. "सिंदीले ने. ओसरीवर."

घाट उतरायला लागलो. तू हात लांबवून स्टेअरिंगवरचं माझं मनगट पकडलंस. काल मी तुझं पकडलं होतं तसंच. "दवाखाना नाई. वसंता. शपथ हाय."

मी शपथ घेतली नव्हती. कोणाची शपथ, कसली शपथ? मला फक्त तो आवाज ऐकू येत होता, तुझ्या छातीतला. पाण्यात बुडणाऱ्या माणसाजवळ बसून कोणी त्याला विचारतं का, तुला काढू की नको? मी तुझा हात झटकला. खरंच झटकला. आणि गाडी अमरावतीला दामटली.

तुला कळलं. तू तोंड खिडकीकडे फिरवलंस. खाली परतवाड्यापर्यंत ते तसंच होतं. धुकं फाटलं होतं, ऊन पडलं होतं, डोंगर अगदी स्वच्छ दिसत होते. तू बघत होतास का ते? की नुसती माझ्याकडे पाठ केली होतीस? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. मला तुझी मानच तेवढी दिसत होती.

अमरावतीच्या दवाखान्यात तुला लगेच मशीनवर घेतलं. दुपारी प्रमोद आणि वहिनी आले. वहिनी आधी तुला काचेतून बघून आली. मग माझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी, पानी कोनं देल्लं?"

तिला मी काय सांगायला हवं होतं, तूच सांग? सांगितलं मी. पाण्याचं सांगितलं, कठड्यावरचं सांगितलं, ओसरीचंही सांगितलं. प्रमोद भिंतीकडे तोंड करून रडत होता. वहिनी रडली नाही. तिने पदर खोचला आणि आत गेली. मी दारात होतो. ती तुझ्या उशाशी वाकून एवढंच म्हणाली, "तुमाले जाचं हाय तं जा. पन मले सांगून जा. अशे चोरून नका जाऊ. मी आंजीत एकटी काय करू, ते बी सांगा."

तू डोळे मिटून घेतलेस.

त्यानंतर तू एकही मशीन चुकवलं नाहीस. मुकाट्याने बसायचास प्रमोदच्या मागे, मुकाट्याने हात पुढे करायचास. पाणी मोजून. सगळे म्हणाले, गुलाबराव आता शहाण्यासारखं वागतात.

माझ्याशी मात्र तू बोलायचं सोडलंस. मी आंजीला यायचो, तू टीव्हीकडे बघत बसायचास. वहिनी चहा द्यायची. मी पिकापाण्याचं, डेपोचं, कोण वारलं, कोणाच्या पोरीचं जमलं, काहीबाही बोलायचो आणि उठायचो. दिवाळीला आलो, संक्रांतीला तीळगूळ घेऊन आलो. तू वाटीतून तीळगूळ घेतलास आणि बाजूला ठेवलास. सणाचं म्हणतात ते वाक्य म्हणालो नाही मी. तुझ्यासमोर ते म्हणायची हिंमत झाली नाही.

एकदाच बोललास. वहिनी पाणी भरायला नळावर गेली होती. तू टीव्हीचा आवाज कमी केलास. मला वाटलं, आता बोलणार, आता सुटलं! तू म्हणालास, "तिच्यासाठी बसतो. मले आत्ता बी नाई पाह्यजे. पन तिच्यासाठी बसतो. तू मले त्या फाट्यावर आनून सोडलं जिथून मी निघूच नाई शकत." आणि आवाज पुन्हा वाढवलास.

इतक्या वर्षांची दोस्ती, आणि शेवटचं वाक्य हे!

चैत्रात गेलास. मशीनवरच. मधेच प्रेशर उतरलं म्हणे. जे तुला नको होतं, अगदी तसंच. हाताला सुया, आजूबाजूला अनोळखी माणसं, वहिनी बाहेर बाकावर. मी पोचलो तोवर तुला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं होतं. धामच्या काठावर जाळलं. नदीला पाणी नव्हतं, नुसते दगड. मडकं फोडायच्या आधी प्रमोदने त्यातून पाणी सोडत फेऱ्या मारल्या, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? आता याला पाणी देतात! आता!

मी माफी मागायला हे लिहीत नाही, गुलाब. स्पष्टच सांगतो. तुझ्या छातीतला तो आवाज आज पुन्हा ऐकू आला, तर मी पुन्हा अमरावतीलाच गाडी वळवीन. आणि वळवताना मला हेही ठाऊक असेल की तुला ते नको आहे, त्याने तुझं काहीच भलं होणार नाही, आणि तू मरशील तो मशीनवरच. मग का वळवीन? तुला ओसरीवर बसवून हळूहळू मरताना पाहायची ताकद माझ्यात नव्हती. आजही नाही. तू माणूस चुकीचा निवडलास. हा माझा तुझ्यावरचा राग आहे. एवढं मोठं ओझं द्यायचं तर आधी विचारायचं तरी होतं! डोंगर दाखव म्हणालास आणि हे दाखवलंस?

की डोंगर खरंच पाहायचे होते तुला? का पहिल्यापासून हाच बेत होता? तेही आता कोणाला विचारू?

वहिनीबद्दल सांगतो. ती बरी आहे, म्हणजे उठते, बसते, रांधते. तिचं एकच बोलणं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाजवळ. "शेवटी त्यायले जगन्याची ओढ लागली होती. आधी नको म्हनत होते, पन मी एक शब्द टाकला अन् मशीनवर बसले. मंग कधी कंटाळा केला नाई." हे सांगताना तिच्या तोंडावर जे येतं, ते तुझ्या हयातीत मी कधी पाहिलं नव्हतं. फाट्यावर डबा घेऊन उभी राहणारी बाई ती. तुझ्याकडून तिला मिळालेलं एवढंच.

मागच्या आठवड्यात तिने मला विचारलं, "भाऊजी, मी नळावर गेलती तवा एक डाव तुमी दोघं बोलले होते. आवाज आलता मले. काय म्हनत होते ते?"

मी टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणालो, "म्हनत होता, इंदूसाठी मले अजून जगाचं हाय."

ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दार ओढून घेऊन निघालो.

एकदा मी खरं बोललो आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. आता मी खोटं बोललोय आणि ते मला मरेपर्यंत बोलत राहायचं आहे. माझं मन याने हलकं होणार नाही, तू माझ्याशी बोलणार नाहीस, यातून काही सुधारायचं उरलेलं नाही. तरी शब्द देतो. वहिनी जितक्यांदा विचारील तितक्यांदा मी तेच सांगीन, तेच शब्द, तसेच. त्या दिवशी ती नळावर असताना तू खरं काय म्हणालास, हे माझ्या तोंडून कोणालाही कळणार नाही. या खेपेला तुझी गोष्ट मी फोडणार नाही, गुलाब.

तुझा,
वसंता
सिंदी (रेल्वे)